पटावरच्या तिघी

आई, उद्या अकरा वाजता माझा जबाब आहे. जिल्हा परिषदेत, चौकशी समितीसमोर. तू गेलीस तेव्हा या शहराचं नाव औरंगाबाद होतं, आता पाट्यांवर छत्रपती संभाजीनगर आहे, पण त्या इमारतीतल्या माणसांचे चेहरे तू पाहिले होतेस तसेच आहेत, कुणी कुणाकडे बघत नाही. समिती एक जुनं रजिस्टर शोधते आहे. ते माझ्या घरात आहे, बेडरूमच्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली. ते तुझं आहे. ते मी उद्या दिलं तर तुझं नाव चौकशीत येईल, शाळेच्या भिंतीवरचा तुझा फोटोही बहुधा खाली उतरेल. नाही दिलं तर एक माणूस, जो चोर आहेच, त्याने न केलेल्या गोष्टीसाठीसुद्धा अडकेल. तुला विचारावं म्हणून लिहायला बसले. जिवंतपणीही तू अशा प्रश्नांना सरळ उत्तर द्यायची नाहीस, तेव्हा आता काय देणार, हे मला कळतं. तरी बसले.

मी केंद्रप्रमुख झाले हे तुला ठाऊक नाही. दहाबारा शाळांवर देखरेख करायची आणि दिवसभर मोबाइलवर माहिती भरायची, एवढंच ते पद. तुझ्या वेळी साहेब जीपमधून यायचे आणि चहा पिऊन जायचे, आता साहेब मोबाइलमध्ये राहतात आणि पाच मिनिटांत फोटो मागतात. दिवाळीनंतर वरून एक यादी आली, ज्या मुलांची आधार नोंद नाही त्यांची. प्रत्यक्ष शाळेत जाऊन डोकी मोजायची होती. यादीत तुझी शाळा होती, सिल्लोडच्या पुढं अजिंठ्याच्या अंगाला, वस्तीवरची. पट एक्केचाळीस, त्यातल्या अठरा मुलांचं आधार नाही. मला बरं वाटलं, खरं सांगते. किती वर्षांत तिकडं गेले नव्हते. त्या शाळेत मी चौथीपर्यंत शिकले, तुझ्याच हाताखाली, घरी आई आणि शाळेत बाई.

दुपार होती. कापूस वेचायला सगळी वस्ती रानात गेलेली, शाळेच्या अंगणात कुणीतरी मका वाळत घातलेला. एक कुत्रंसुद्धा दिसेना. व्हरांड्यात चढले आणि थांबले. भिंतीला लागून बुटांची रांग होती. शाळेला मिळतात तसे काळे बूट, अठरा जोड, टाचा भिंतीला टेकवून, नाडी बांधलेली. नवे कोरे, पण वर धुळीचा थर. दुसऱ्या बाजूला पोरांच्या खऱ्या चपलांचा ढीग होता, अंगठे तुटलेल्या, एकीला तर तार बांधलेली. एक मुलगी पाणी पिऊन आत चालली होती. ती बुटांवरून उडी मारून गेली नाही, पार व्हरांड्याच्या कडेनं वळसा घालून गेली. मी विचारलं, हे कुणाचे गं? ती म्हणाली, "त्यांचे." कुणाचे त्यांचे? "ज्यांचे हायत त्यांचे. आमाला घालायचे नाय." आणि आत पळाली. मला तेव्हाच समजायला हवं होतं. कार्यालयातली माणसं दारातून आत न येता बाहेरच्या चपला मोजून जातात, हे ज्याला माहीत असतं तोच अशी रांग लावतो. पण समजण्याआधी माझ्या अंगावर काटा आला, भरदुपारी.

आत पहिली ते चौथी एकाच खोलीत. तेवीस मुलं मी उभ्याउभ्याच मोजली. दुसरे गुरुजी रजेवर होते, हेडमास्तर उठून उभे राहिले. तुझ्या शेवटच्या वर्षांत जे नवीन गुरुजी तुझ्या हाताखाली आले होते, तेच. आता केस पिकलेत, पोट सुटलंय, सिल्लोडला दुमजली घर आहे. मी म्हटलं हजेरी मी घेते, आणि तुझ्या खुर्चीवर बसले. तुला आठवतं, हजेरी घेताना मान वर करायची नाही असं तू शिकवलं होतंस? चेहरा बघितला की पोरगं हसतं, आवाज ऐकावा, आवाजावरून कळतं ते जेवून आलंय की उपाशी. मी तशीच बसले, मान खाली, बोट ओळीवर. एक. हजर बाई. दोन. हजर बाई. असं करत करत एक्केचाळीसपर्यंत गेले. आई, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस हजर होते. आणि आवाज सगळे वेगळे होते. काही खणखणीत, काही जरा बारीक, लांबून आल्यासारखे. मान वर केली तर समोर तीच तेवीस मुलं, हाताची घडी घालून.

मी दम दिला नाही. नुसतं विचारलं, दोनदा कोण कोण बोललं? तुझ्या शाळेतली पोरं अजून खोटं बोलायला कचरतात, त्याचा मला त्याही वेळी अभिमान वाटला. बुटांना वळसा घालणारी मुलगी उभी राहिली. "मी सहा बी हाय आन् बत्तीस बी." बत्तीस कोण आहे? "बत्तीस म्हंजी ती. माझ्या शेजारी बसती. तिचा बाप बिडकीनला कंपनीत हाय. तिला कुत्र्याचं लई भ्या वाटतं." तू तिला पाहिलीस का? ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू काही मीच कमी ऐकते. "बसती ना बाई." मग एकेकाने आपापला दुसरा नंबर सांगितला. प्रत्येकाला कुणीतरी दिलेलं होतं आणि प्रत्येकाने त्या कुणाला तरी घर, भाऊ, आजार, सगळं दिलं होतं. गुरुजींनी फक्त हजर म्हणायला शिकवलं होतं, बाकीचं पोरांनी आपलं आपण केलं. दुसऱ्या नंबरला आवाज बदलायचा हेही त्यांचंच. बत्तीस नंबर सतत सर्दीने बेजार असते म्हणून तिचा आवाज बारीक.

मी वहीवर खुणा करत गेले. सतरा खोट्या नंबरांचे आवाज कुणाचे ते कळलं. एक उरला, चौदा. चौदाला कोण बोललं? कुणी हात वर केला नाही. मी पुन्हा विचारलं. हेडमास्तर मधेच म्हणाले, "मॅडम, चौदाला मी कुणाला लावलेलंच नाय. सगळेच हजर कसे दिसतील? चौदाची मी रोज गैरहजेरी टाकतो." वहीत खरंच तसं होतं, महिनाभर चौदासमोर गैरहजर. पण माझ्या कानांनी ऐकलं होतं. माझ्या उजव्या अंगानं आलं होतं ते हजर बाई, आणि माझ्या उजव्या अंगाला कुणी बसलेलं नव्हतं, तिथं दार होतं. मागच्या रांगेतला एक पोरगा शांतपणे म्हणाला, "ती दारातूनच बोलती बाई. आत येत नाय." बाकीच्यांनी मान डोलावली. हेडमास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तुझाही नव्हता. कुणीतरी वात्रट पोरगं असणार. पण मी दाराकडे पाठ करून बसू शकले नाही, खुर्ची फिरवून घेतली.

मग मी नावं वाचली. तोवर फक्त नंबर घेतले होते. तेरा, चौदा, पंधरा. आई, त्या माझ्या वर्गातल्या मुली आहेत. ऊसतोडीला आईबापाबरोबर गेल्या त्या तिघी, एकाच वस्तीवरच्या. दिवाळीनंतर गाडीत बसून गेल्या आणि त्या वर्षी परत आल्या नाहीत, पुढच्याही नाहीत. आज माझ्याएवढ्या असतील, कुठं असतील तिथं, एखादीला नातवंड असेल. तुझ्या शाळेत त्या अजून तिसरीत आहेत. चौथी झाली की पुन्हा पहिलीत दाखल, नवी जन्मतारीख, नाव तेच. इतक्या वर्षांत कुणी ते तीन नंबर हलवलेसुद्धा नाहीत, येणारीजाणारी खरी पोरं त्यांच्या पुढंमागं बसवली.

पोरांना खिचडीला सोडलं आणि हेडमास्तरांनी कपाट उघडलं. माझ्याशी भांडायच्या मनःस्थितीत ते नव्हते, उलट हलके झाल्यासारखे बोलत होते. तांदूळ सिल्लोडला कुणाकडे जातो, गणवेशाचं बिल कोण करतं, तालुक्याला किती पोचवावं लागतं, सगळं सांगितलं. म्हणाले, "पट वीसच्या खाली गेला की शाळा बंद करायची भाषा व्हती मॅडम. मी वाढवून ठेवला तवा दुसरा शिक्षक टिकला. या पोरी रस्ता वलांडून चार किलोमीटर जातील का?" ते खरं होतं, आणि तरी त्यांचं दुमजली घरही खरं होतं. मग त्यांनी खालच्या कप्प्यातून फडक्यात बांधलेलं रजिस्टर काढून माझ्यासमोर ठेवलं. "बाईंनी तिघी ठेवल्या. मला जाताना सांगून गेल्या, ह्या कमी करू नको. मी पंधरा घातल्या. फरक काय ते तुमी सांगा." मी म्हटलं फरक आहे. आणि फडक्याची गाठ सोडली. तेवढ्यात त्यांना तालुक्याहून फोन आला, ते रेंज शोधत अंगणात गेले, आणि मी ते रजिस्टर माझ्या पर्समध्ये सरकवलं. विचार करून केलं असं म्हणणार नाही. पण पर्सची चेन नीट लावली, हे मला आठवतं.

ते उंची-वजनाचं रजिस्टर आहे. वही ओळखलीस? रविवारी सकाळी तू चुलीपुढं भाकरी थापायचीस आणि मी उंबऱ्याला टेकून तुझी रजिस्टरं भरायची, माझं अक्षर तुझ्यापेक्षा बरं म्हणून. खऱ्या पोरांची वजनं कागदावर लिहून आणलेली असायची, ती मी उतरवून घ्यायचे. तेरा आली की तुझा थापता हात थांबायचा. तू थोडा विचार करायचीस आणि सांगायचीस, बावीस किलो. चौदाला म्हणायचीस, "एक किलो वाढव, ती हाडापेरानं थोराड होती." परवा मी ती पानं समोर घेऊन बसले. खरी पोरं वर्षाला जेमतेम अर्धा-पाऊण किलोनं वाढलीत, एकाचं वजन तर पावसाळ्यात उतरलंय. त्या तिघी मात्र छान वाढल्यात, दर खेपेला. सगळ्या शाळेत धडधाकट त्या तिघीच. आणि तेव्हा शाळेत शिजवत नसत, पटावरच्या प्रत्येक मुलामागं महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळायचा. त्या तिघींचा तांदूळ आपल्या पत्र्याच्या डब्यात यायचा. तू ते लपवलंही नाहीस. मी एकदा विचारलं होतं, आई, त्या आता कुठं असतील गं? तू म्हणालीस, "येतील परत. आल्यावर नाव पाहिजे पटावर. गप जेव, भात गार होतोय." बाबा नव्हते, पगार तीन-तीन महिने रखडायचा, मला सगळं कळतं. पण मी तो भात खाल्लाय आणि तो मला आवडायचा, ज्वारीच्या भाकरीचा मला कंटाळा होता.

मी अहवालात तेवीस लिहिले. त्याबद्दल तू मला काही म्हणू नकोस. पंधरा दिवसांत हेडमास्तर निलंबित झाले, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, तालुक्यातल्यांनी कानांवर हात ठेवले. हेडमास्तरांनी खुलाशात लिहिलंय की खोट्या नावांतली तीन त्यांच्या आधीची आहेत आणि जुन्या रजिस्टरवरून ते दिसेल. समितीने रजिस्टर मागितलं. ते शाळेच्या कपाटात नाही. म्हणून आता त्यांच्यावर दप्तर नाहीसं केल्याचाही ठपका आहे, आणि तो ठपका माझ्या कपाटात, साड्यांखाली पडून आहे. हेडमास्तर कुणाला सांगत नाहीत की रजिस्टर शेवटचं कुणासमोर काढलं होतं. गेल्या आठवड्यात मला रस्त्यात भेटले, स्कूटर थांबवली. मला वाटलं आता बोलतील. म्हणाले, "मॅडम, पोरं आता हजेरीला दुसरा नंबर बोलत नाय म्हणं. पण चौदाला अजून आवाज येतो. नव्या गुरुजीनं वहीतून नाव काढलं तरी येतो." आणि गेले. मला घाबरवायला म्हणाले असतील. तसं असेल तर त्यांना यश आलं, मी आठवडाभर नीट जेवलेले नाही.

आता मी रजिस्टर बाहेर काढून पर्समध्ये ठेवलंय. उद्या देणार आहे. नोकरीचं जे व्हायचं ते होईल. जबाबात मी असं सांगणार आहे की माझ्या आईने ती तीन नावं ठेवली कारण त्या मुली परत येतील असं तिला वाटत होतं, आणि आल्यावर त्यांना कुणी दारातून परत पाठवू नये असंही वाटत होतं. तांदळाचंही सांगेन. हे सगळं खरं आहे आणि तू ते ऐकून मान खाली घालणार नाहीस. पण एक गोष्ट जबाबात येणार नाही, आणि हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, उद्या निघण्याआधी फाडून टाकेन. म्हणून इथं लिहिते.

चौदा आली होती, आई. मी चौथीत होते, उन्हाळा लागला होता, तू पगाराचं बघायला सिल्लोडला गेली होतीस. मी स्वयंपाकघरात एकटी, भात खात होते. ती मागच्या दारात येऊन उभी राहिली. मी आधी ओळखलंच नाही, इतकी वाळली होती. केस तांबडे, उजव्या हाताला चिंधी गुंडाळलेली. एकटीच होती. म्हणाली, "बाई हायत का?" मी म्हटलं नाहीत. तिने माझ्या ताटाकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. मग विचारलं, "शाळंत नाव हाय का माझं आजून?" मागच्याच रविवारी मी तिचं वजन एक किलोनं वाढवलं होतं. मी म्हटलं, "नाय. कमी केलं." का म्हटलं ते तेव्हाही मला माहीत होतं. ती परत आली असती तर डब्यातले तीन किलो तिच्या घरी गेले असते. ती बरं म्हणाली आणि अंगणातून निघून गेली. पाणीही मागितलं नाही. मी राहिलेला भात संपवला आणि ताट घासून ठेवलं. संध्याकाळी तू आलीस, पाय धुता धुता विचारलंस, "कोणी आलं होतं का गं?"

मी नाही म्हणाले.